फूल जाणार कुठे?

कागदाची फुलं करायला बसायचं म्हटलं की घरात लगेच कागदाची चौकशी सुरू होते. क्रेप आणायचा की पतंगी, रंग कोणते, ताव किती. माझं म्हणणं असं की त्याआधी एक गोष्ट पोरांना सोबत घेऊन ठरवून टाकावी: केलेलं फूल जाणार कुठे? बैलाच्या शिंगावर, भुलाबाईच्या मखरात, महालक्ष्म्यांच्या मागच्या पडद्यावर, शाळेच्या गॅदरिंगला, आजोबांच्या फोटोला, की शेजारच्या काकूंच्या दारावर? ठिकाण पक्कं झालं की फुलाचा आकार, रंग, संख्या, देठाची लांबी हे सगळं आपसूक ठरत जातं. आणि मुख्य म्हणजे पोरगं अर्ध्यात उठून जात नाही. ठिकाण न ठरवता केलेल्या फुलाला ‘वा, छान!’ एवढं मिळतं, ते फ्रिजवर जाऊन बसतं आणि चौथ्या दिवशी केरात निघतं. पोरांना हे कळतं. पुढच्या वेळी ती बोलावूनही येत नाहीत, आणि आपण म्हणतो, मोबाइलने वाया गेली.

पुढच्या पानांतली फुलं म्हणूनच सोप्याकडून अवघडाकडे अशी लावलेली नाहीत. ती सणांच्या क्रमाने आहेत, आणि तो क्रमही चैत्रापासून नाही, पोळ्यापासून आहे.

याला कारण आमचं गाव. मंगरूळपीर आज वाशीम जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला, तोवर आम्ही अकोल्याचे होतो. गावाच्या नावातला पीर म्हणजे दादा हयात कलंदर. आजूबाजूला काळी जमीन, तीत कपाशी, तूर आणि आता सगळीकडे सोयाबीन. इथे ‘हस्तकला’ नावाचा वर्ग लावून कागदी फूल कुणी शिकलं नाही. ते सणाच्या पाठीवर बसून घरात आलं. लग्नातलं बाशिंग, गणपतीचं मखर, मोहरमचे बांबूचे आणि कागदाचे ताबूत, दिवाळीचा आकाशकंदील, या सगळ्यांत कागद कापायचं, चिकटवायचं काम कुणा ना कुणा पोराच्या वाट्याला यायचंच. ताबुतावरची कागदाची नक्षी ज्याने जवळ उभं राहून पाहिली असेल, त्याला घडी आणि कात्री मिळून काय करू शकतात हे वेगळं सांगायला नको.

पोळ्याचं फूल सगळ्यात कसाचं. श्रावण अमावास्येला आभाळाचा भरवसा नसतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून झालेले असतात; सकाळी न्हाऊन आले की शिंगांना रंग, बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. त्यात कागदी फूल टिकायचं तर ते घट्ट हवं. बैल मान झटकतो, माशा वारतो, शेजारच्या जोडीशी शिंग घासतो. गुलाबाच्या नाजूक पाकळ्या तिथे घटकाभरही राहत नाहीत; झालरीची पट्टी गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेलं गेंदेदार फूलच तग धरतं. दुसरी अडचण रंगाची. क्रेप आणि पतंगी कागदाचा रंग कच्चा असतो. पावसाची एक सर आली की लाल फुलाचा रंग पांढऱ्याशुभ्र बैलाच्या कपाळावरून ओघळत डोळ्यापर्यंत येतो, आणि मग बैलाच्या मालकाचे डोळे लाल होतात. म्हणून पोळ्याला पिवळा कागद बरा, किंवा सरळ बेगड.

पुष्कळ घरी आता बैल राहिले नाहीत. ट्रॅक्टरला हार घालतात, तोही पोळ्यालाच. पण पोरांचा तान्हा पोळा आहे. लाकडी बैलांचा हा पोळा नागपूरला दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. विदर्भात तो घरोघरच्या पोरांचा झाला. लाकडी नंदीच्या शिंगाला बोराएवढंच फूल शोभतं, आणि बोराएवढं फूल करणं हे ताटाएवढं फूल करण्यापेक्षा किती कठीण आहे ते हात घातल्यावर कळतं. सात-आठ वर्षांची बोटं या कामात आपल्याहून चलाख असतात. आपल्या बोटांना एवढ्या लहान जागेत वळायची सवय उरलेली नसते.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसतात त्या कोजागिरीपर्यंत. महिनाभर गाणी आणि खिरापत, आणि शेवटी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. इथे फुलांना घाई नाही. रोज संध्याकाळी गाण्याआधी मुलींनी दोन-दोन फुलं करून ठेवली तर कोजागिरीपर्यंत मखर भरून जातो. हल्ली अडतं ते फुलांवाचून नाही, धांड्यांवाचून. सोयाबीनने ज्वारीला वावरातून हुसकावलं आहे. कुणाच्या बांधाला चार ओळी पेरलेल्या असतील तर आधीपासून सांगून ठेवावं लागतं. आणखी एक. भुलाबाई मुलींची, पोळा मुलांचा, ही वाटणी या पुस्तकात पाळलेली नाही. कात्री ज्याच्या हातात बसेल त्याची.

माझा एक हट्ट पुढे पानोपानी दिसेल, तो इथेच सांगून टाकतो. जे फूल त्या महिन्यात दारात फुलतं आहे ते कागदाचं करू नये. दसऱ्याला बाजारात झेंडूचे ढीग पडलेले असताना कागदी झेंडू करत बसणं म्हणजे विहिरीवर बसून बाटलीचं पाणी पिणं. दसऱ्याला पळस करा. पळस फुलतो फाल्गुनात, ऐन दसऱ्याला त्याच्या फांदीवर नुसती पानं असतात; तेव्हा केशरी कागदाचा पळस घरात आला की बघणारा थबकतो. उलट, शिमग्याला कपाशीचं फूल करा.

कपाशीच्या फुलाला या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं दिली आहेत. आमच्या भागातली पोरं कपाशी लावताना, डवरताना, वेचताना पाहत मोठी होतात. बाजारात भाव काय निघाला ते त्यांना तोंडपाठ. पण फूल कसं असतं विचारलं तर बोंडाचं चित्र काढतात. फुलं-पात्या लागल्या की एक सकाळ त्यांना वावरात न्यावं. आज उमललेलं फूल दुधट पांढरं असतं. तेच उद्या गुलाबी झालेलं दिसतं आणि मग गळतं. एकाच झाडावर एकाच वेळी पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं दिसतात ती यामुळे. जुन्या माणसांना देशी कपाशी आठवते. तिचं फूल बहुधा पिवळं आणि आत गडद लालसर डोळा. फुलाच्या बुडाशी कातरलेल्या कडांची तीन हिरवी पानं असतात, ती तर पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाहीत. हे सगळं कागदात आणता येतं. पांढऱ्या क्रेपच्या पाच पाकळ्या, दुसऱ्या फुलाला फिक्या गुलाबी, मध्ये पिवळ्या कागदाची बारीक झालर, खाली हिरव्याची तीन कातरी पानं. आणि देठ म्हणून खरी पऱ्हाटी! वाळलेल्या पऱ्हाटीला आयत्याच फांद्या असतात. दोरा आणि हिरवी पट्टी गुंडाळून त्यावर फुलं बसवली की ती तारेच्या देठापेक्षा कितीतरी खरी दिसतात. तुराटी सरळ असते, ती एकेकट्या लांब फुलाला.

कपाशीवर हात बसला की आणखी तीन फुलं जवळजवळ फुकट मिळतात. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही कपाशीची भावंडं, एकाच कुळातली. पाकळ्या पाचच, एकीची कड दुसरीवर चढलेली. भेंडीची पाकळी पिवळी आणि आत गडद तांबडा ठिपका. अंबाडीची तशीच, थोडी फिकी. जास्वंदीची नळी मात्र पाकळ्यांच्या बाहेर लांब येते. एका साच्यावर चार फुलं, आणि वनस्पतिशास्त्राचा एक धडा पोरांच्या नकळत होऊन गेलेला. पळसाचं घराणं वेगळं. त्यातही पाकळ्या पाच, पण एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. खाली मखमली काळपट वाटी. पळस करताना घाई केली तर मिरची होते.

खरं फूल समोर ठेवूनच कागद कापावा, ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नव्हे. इंग्लंडात मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक कपटे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत हजाराच्या आसपास फुलं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक फूल समोर ठेवून, पुंकेसर मोजून केलेलं. घरातल्या आजीला ‘आता माझे हात कुठे चालतात’ असं म्हणायचं असेल तर तिला या बाईंची गोष्ट सांगावी. आणि तिचं ऐकावंही. आमच्या शेजारच्या एका आजीने पोरांची मोठ्या कौतुकाने मांडलेली फुलं पाहून एवढंच विचारलं होतं, ‘हे फूल होय का पानकोबी? पायलं काय कधी कपाशीचं फूल?’ त्यानंतर ती स्वतःच त्यांना घेऊन बांधावर गेली.

आता कागद. क्रेपच्या सुरकुत्या एकाच दिशेने जातात आणि कागद ताणला जातो तो त्यांच्या आडव्या बाजूने. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या राहतील अशी कापायची. मग दोन्ही अंगठे पाकळीच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला हलकेच ताणलं की सपाट पाकळीची वाटी होते. हा क्षण पोरांना स्वतःच्या हाताने मिळू द्यावा. सगळ्या पुस्तकात याच्याइतकी जादू दुसरी नाही. सुरकुत्या आडव्या घेतल्या तर पाकळी लांब होत जाते आणि माना टाकते. घोटीव कागद एका अंगाने चकचकीत आणि दुसऱ्या अंगाने पांढरा. पाकळी वळली की पांढरी पाठ दिसते, तेव्हा दोन ताव पाठीला पाठ चिकटवून घ्यावेत. पतंगी कागद झिरझिरीत, एकावर एक आठ थर ठेवून कापता येतो. नवा कागद नसेल तर जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, वह्यांची उरलेली पानंही चालतात. छापील अक्षरांचं फूल मला तर क्रेपच्या फुलाहून आवडतं, पण हे घरात सगळ्यांना पटेलच असं नाही.

चिकटवायला खळ. वाटीभर गार पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं. आमच्याकडच्या उन्हात ती दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा थोडीच करावी. पूर्वी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. पोरांच्या हाताशी असलेल्या खळीत तो कदापि घालू नये, विषारी असतो. बाभळीचा डिंक मिळाला तर रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून घ्यावा. बेगडाला खळीपेक्षा तोच चांगला धरतो.

उन्हाळ्याच्या सुटीबद्दल एक वऱ्हाडी इशारा द्यायलाच हवा. दुपारी बाहेर आग पडलेली असते, पोरं घरात कोंडलेली, म्हणजे फुलं करायला हीच वेळ, असं वाटतं. पण घरात कूलर चालू असतो. त्याच्या झोताने अर्ध्या पाकळ्या पलंगाखाली जातात, आणि उरलेल्या त्याच्या ओल्या हवेने लुळ्या पडतात. खळ वाळता वाळत नाही. कूलर बंद केला तर घरातली मोठी माणसं उठून येतात. यावर उपाय एकच. सकाळी आठच्या आत ओसरीवर बसायचं, आणि दुपारी फक्त कापून ठेवायचं काम, तेही कपटे डब्यात झाकून.

किती वयाच्या पोराला काय द्यावं? चार-पाच वर्षांच्यांना कात्री नको असं नाही, पण आधी फाडणं, चुरगळणं, गोळ्या करणं द्यावं. कागद फाडतानाही त्याला दिशा असते हे बोटांना तिथे कळतं. कात्री द्यायची ती बोथट टोकाची, पण धार असलेली. बोथट धारेची कात्री कागद चावते आणि पोर रडकुंडीला येतं. गोल कापताना कात्री जागेवर ठेवून कागद फिरवायचा, हे एकदा दाखवलं की पुरे. डावखुऱ्या पोराला नेहमीच्या कात्रीत कापायची रेघ पात्याआड दडते, त्यामुळे त्याचं वाकडं जातं. त्याला धांदरट म्हणण्याआधी दुसरी कात्री मिळते का पाहावं. आणि आपण? आपण सुतळीची गाठ मारावी, खळ शिजवावी, गप्प बसावं. पोराने कापलेली पाकळी ‘जरा नीट करतो’ म्हणून हातात घेणारा बाप मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. त्या दिवशी फूल चांगलं होतं आणि ते बापाचं होतं.

घडी घालून कापायची फुलं हा वेगळाच खजिना. चौकोनी कागद मध्याशी टोक ठेवून तीनदा दुमडला की आठ पाकळ्या निघतात. पण कपाशी, भेंडी, जास्वंद पाच पाकळ्यांची, आणि दुमडत गेलं की दोन, चार, आठ, सोळा होतात. पाच काही येत नाहीत. पोरं इथे अडतात, आणि अडू द्यावीत. मग दोन बोटं रुंदीची कागदाची लांब पट्टी घेऊन तिची साधी गाठ मारायला सांगावी, दोऱ्याला मारतो तशी. गाठ हळूहळू ओढत, चुरगळू न देता चपटी करायची आणि नखाने घडी दाबायची. समोर पाच सारख्या बाजूंचा पंचकोन तयार! तो पुठ्ठ्यावर ठेवून पाच कोन आखून घेतले की पाच पाकळ्यांचा साचा झाला. कंपास नाही, कोनमापक नाही.

कागदाच्या घडीत एवढं गणित आहे हे मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं. त्यात नुसत्या घड्यांनी भूमितीच्या आकृत्या काढल्या आहेत, आणि या पुस्तकाची कल्पना आपल्याला किंडरगार्टनच्या कागदाच्या घड्यांवरून सुचली असं ते प्रास्ताविकात म्हणतात. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली, तेव्हा कुठे जगाला त्याची ओळख झाली. किंडरगार्टन काढलं फ्रोबेलने, १८३७ मध्ये. कागद दुमडणं आणि कापणं हे त्याच्या बालशिक्षणातलं नेहमीचं काम होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत होत्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडाशी त्यांचा तेवढा ऋणानुबंध. नूतन बाल शिक्षण संघ त्यांनी १९२६ मध्ये काढला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी काम केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग बिया, पानं, फुलं, शिंपले, दगड, जे आसपास मिळेल त्यातून साधनं उभी राहिली. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात बसून काड्यापेट्या, रिफिली आणि जुन्या वर्तमानपत्रांची खेळणी केली, तीही याच वाटेवरची. पऱ्हाटीच्या देठाला एवढे मोठे पूर्वज आहेत.

थर्माकोलबद्दल दोनच वाक्यं. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, त्या वर्षी गणपतीच्या मखरांपुरती सूट मागायला व्यापारी उच्च न्यायालयात गेले आणि ती मिळाली नाही. त्यानंतर कागदाचे मखर बाजारात बरेच दिसू लागले, पण प्लॅस्टिकची फुलं काही गेली नाहीत. ती धुता येतात, यंदाची पुढच्या वर्षी चालतात, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच खोटा नाही. कागदाचं फूल धुता येत नाही. उन्हात ठेवलं तर रंग उडतो. पण दरवर्षी नवं करावं लागतं, हीच तर पोरांची सोय.

जपायचं ते आगीला. क्रेप भुरकन पेटतो. समई, निरांजन आणि उदबत्ती यांच्यापासून फुलं हातभर लांब असावीत, विजेच्या माळेचे दिवे तापणारे असतील तर त्यांच्यापासूनही. महालक्ष्म्यांच्या मागचा कागदी पडदा हवेने पुढे येतो, त्याला खाली वजन लावावं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. जो सण जवळ आला असेल ते प्रकरण उघडावं. सण जवळ नसेल तर गाठीचा पंचकोन करून पाहावा, त्याला जुन्या वहीचं एक पान पुरतं. आणि उन्हाळा असेल तर आज रात्रीच डिंक भिजत घालावा, म्हणजे सकाळी आठच्या आत ओसरीवर बसता येईल.